पाहुण्यासमोरची टोपली

बस, मधोमध बस. काठावर नको, ही होडी आहे, लग्नातली खुर्ची नव्हे. पाय त्या दोरावरनं काढ. हां, असा. लांब जायचंय आपल्याला आणि पाणी हे असं कमरेएवढं, तेव्हा इंजिन नाही, काठीनंच ढकलत न्यायची. मला सवय आहे, तू फक्त हलू नकोस. पोचेस्तोवर तुला एक गोष्ट सांगतो. ऐकताना तुला हसू येईल, आणि हसून झाल्यावर आमच्या ह्या केरकेना बेटावरच्या तमाम शहाण्यांवर थुंकावंसं वाटेल. थुंकायचं झालं तर वारा बघून थुंक, एवढं सांभाळ.

फेरीबोटीतनं उतरलास तेव्हा धक्क्यावरचा तो फलक बघितलास ना? घराएवढा आहे, बघितला नाही म्हणून सांगशील कुणाला. निळं आभाळ, खाली एक माणूस, दोन्ही हातांत मासे, आणि दात सगळे बाहेर. खाली तीन भाषांत लिहिलंय. मला धड एकही वाचता येत नाही, पण लोकांनी इतक्यांदा वाचून दाखवलंय की पाठ झालंय: ‘शाश्वत केरकेना. इथला समुद्र जिवंत आहे.’

तो दात काढणारा माणूस म्हणजे जल्लूल. माझा मित्र. लहानपणी आम्ही दोघं एकाच होडीतनं पडलो आणि एकाच माणसाचा मार खाल्ला. त्याच्यासमोर आता कुणी त्या फलकाचं नाव जरी काढलं तरी तो उठून जातो. धक्क्यावर जायचंच सोडलंय त्यानं. पलीकडं स्फाक्स शहरात डॉक्टरकडं जायचं होतं तर म्हणाला, दात दुखतोय तो दुखू दे.

आपण चाललोय ते त्याच्याच पाण्यात.

हो, त्याच्या पाण्यात. आमच्याकडं समुद्राला मालक असतो, हसतोस काय? तुमच्याकडं शेताला असतो तसाच. ती बघ लांबवर काळी रेघ, पाण्यातनं वर आलेली. खजुराच्या झावळ्या आहेत त्या, तळात रोवलेल्या. मासा कुंपणाला लागतो, कुंपणाच्या कडेकडेनं जातो, शेवटाला खोली असते तिथं शिरतो आणि तिथनं टोपलीत. कुणी त्याच्या मागं धावत नाही, कुणी तळ खरवडत नाही. उन्हाळ्यात झावळ्या काढून ठेवायच्या, माशांना त्यांचं त्यांचं लग्न-बाळंतपण करू द्यायचं, पाऊसपाणी सुरू झालं की परत रोवायच्या. जल्लूलच्या पणज्याचा पणजा हेच करत होता. त्याला कुणी शाश्वत म्हणालं नाही. त्याला लोक आळशी म्हणायचे.

आणि एक रीत आहे आमची, ती आत्ताच ऐकून ठेव, पुढं लागेल. पाहुणा होडीत असताना रिकामी टोपली वर काढायची नाही. मालक आधी काठीनं टोपली हळूच हलवून बघतो. हलकी लागली तर म्हणतो, “हिला झोपू दे, पुढची बघू.” पुढचीही हलकी, तर तिलाही झोपू दे. सगळ्याच झोपलेल्या निघाल्या तर वारा वाईट आहे म्हणायचं, होडी वळवायची, आणि घरी नेऊन पाहुण्याला ऑक्टोपस घातलेला कुसकुस इतका चारायचा की त्याला उठता येऊ नये. पाहुण्याच्या डोळ्यांदेखत रिकामी टोपली वर आली म्हणजे माणसानं भर बाजारात आपला पायजमा सोडल्यासारखं. आमच्या आज्यानं तशी एक चुकून काढली होती. मरेपर्यंत त्याला त्यावरनं चिडवायचे. मेल्यावरही चिडवतात.

तर कोरोना आला.

आधी फेरीबोट थांबली. मग बाजार थांबला. मग सूस आणि जेरबाकडची हॉटेलं बंद पडली आणि आमची सगळी पोरं बॅगा घेऊन परत आली. जल्लूलचा निदाल त्यातलाच. सूसला मोठ्या हॉटेलात वाढपी होता, पांढरा शर्ट, काळी पँट, फ्रेंच अशी फाडफाड की ऐकून वाटावं ह्याची आई पॅरिसची. त्याची आई शल्बिया, तिनं जन्मात फेरीबोटीपलीकडचं काही बघितलेलं नाही. घरी आला तो पहिले दोन-चार दिवस आईला जेवण वाढतानासुद्धा डावा हात पाठीमागं ठेवून उभा राहायचा. शल्बिया हसून हसून बेजार. “अरे ये ना रे साहेबा, बस खाली,” म्हणायची, “मी काही टीप देणार नाहीये.”

पण पोरगं चांगलं. बापाबरोबर पाण्यात उतरलं. हाताला फोड आले, ते दाखवत फिरलं नाही. झावळ्या रोवायला शिकलं.

आणि नेमकं तेव्हाच पाणी रिकामं व्हायला लागलं. कारण घरी बसलेल्या बाकीच्या पोरांचं काय? त्यांना झावळ्या कोण रोवणार, कंबर मोडते. त्यांनी थैल्या घेतल्या. थैली म्हणजे लोखंडी साखळी लावलेलं जाळं, बोटीमागं तळावरनं ओढत न्यायचं. तळाचं गवत उपटून येतं, अंडी येतात, करंगळीएवढी पिल्लं येतात, सगळं थैलीत. ह्या उथळ पाण्यात तो धंदा सरकारनं बंद केलेला आहे. सरकारनं बरंच काही बंद केलेलं आहे. पहाटे कॅफेत बसलं की समोरनं थैलीवाले राजासारखे जाताना दिसतात, वर हात करून सलाम करतात. परके असते तर आम्ही बोटी जाळल्या असत्या. पण निम्मे आमचेच चुलत-मावस. त्यातल्या एकाच्या सुंतेला मी ढोल वाजवलाय, काय त्याला जाळू?

त्यात तो निळा खेकडा. परदेशातनं आला, जाळी कापतो, टोपलीतला मासा कुरतडून डोकं तेवढं ठेवतो. आम्ही त्याला दाएश म्हणतो, त्या गळे कापणाऱ्यांच्या नावावरनं. तर जल्लूलच्या टोपल्यांत काय यायला लागलं? गवत आणि दाएश.

निदालनं एका संध्याकाळी बापाला सरळ सांगितलं. मी तिथंच बसलो होतो, चहा पीत.

“बाबा, मी पळून जाणाऱ्यांतला नाही. पण हे असंच राहणार असेल तर सांगा. लाम्पेदूसाला, इटलीकडं, चोरून होड्या सुटतायत. मला विचारून गेलेत.”

“कोण विचारून गेलं?” शल्बियानं हातातली किटली खाली ठेवली.

“कोण म्हणून काय विचारतेस आई. सगळ्यांना विचारतात. ह्या बेटावर मला नोकरीसाठी कुणी विचारलं नाही, बुडायला चल म्हणून रोज विचारतात.”

जल्लूल ताठ बसला. बोलण्यात तो कधीच नव्हता. ताठ बसण्यात मात्र त्याचा हात कुणी धरत नसे.

आणि मग विकास आला. फेरीबोटीतनंच आला, दुसरीकडनं येणार कसा? त्याचं नाव मोंदेर, पण सी मोंदेर म्हणायचं, सी म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. मूळचा आमच्याच बेटाचा, बापाचं रॉकेलचं दुकान होतं. ट्युनिसला राहून आला आणि गळ्यात दोरी लावलेलं ओळखपत्र अडकवून फिरायला लागला. बकरीच्या गळ्यातही दोरी असते, पण बकरी दूध देते. हा प्रकल्पाचा समन्वयक. कोरोनातनं देश सावरायचा म्हणून बाहेरच्या कुठल्या कुठल्या श्रीमंत देशांनी पैसा काढला होता, आणि तो गरिबांपर्यंत पोचेस्तोवर ओला होऊ नये म्हणून मध्ये हे असले छत्रीवाले.

युवा केंद्रात आम्हाला बसवलं. भिंतीवर रंगीत कागद चिकटवले. म्हातारे म्हातारे मच्छीमार, ज्यांच्या बोटांना जाळ्याचे वळ, त्यांच्या हातात केशरी खडू दिले आणि म्हणाला, “तुमच्या स्वप्नातला समुद्र काढा.” सालेम बहिऱ्यानं एक बाई काढली. सगळ्यांत चांगलं चित्र तेच होतं.

मग शाश्वत ह्या शब्दावर त्यानं दुपार खाल्ली. शाश्वत विकास, शाश्वत मासेमारी, शाश्वत उपजीविका. दर वेळी तो शब्द म्हणताना डोळे मिटायचा, जसं काही नमाजाला उभा आहे. शेवटी सगळ्यांना केशरी जाकिटं वाटली, बुडू नये म्हणून. कमरेएवढ्या पाण्यात! आता त्या जाकिटांवर मांजरं व्यायला बसतात.

पण खोटं कशाला बोलू, त्या सगळ्या कचऱ्यात एक कामाची गोष्ट होती. ठोकळे. सिमेंटचे, माणसाएवढे, वर लोखंडी आकडे. समुद्रात जागोजाग सोडायचे. थैलीवाला आला की थैली आकड्यात अडकते आणि फाटते. एकदा फाटली की तो परत त्या बाजूला फिरकत नाही. पोलिसाला चहापाणी देता येतं, ठोकळ्याला देता येत नाही. गवत परत उगवतं, मासा परत येतो. बाकीच्या किनाऱ्यावर केलंय, आम्ही ऐकून होतो.

“ठोकळे एकाच बाजूला मिळणार,” सी मोंदेर म्हणाला. “एक तर इकडं तुमच्या अताया गावाच्या समोर, नाहीतर पश्चिमेला हॉटेलच्या समोर. पैसा देणाऱ्यांकडनं एक मादाम येणार, दोन्हीकडचं पाणी बघणार. जिथला समुद्र जास्त खराब, तिथं ठोकळे. कळलं का? जास्त खराब, तिथं.”

कळायला काय, गाढवालाही कळलं असतं. आम्ही गाढवंसुद्धा नव्हतो, ते पुढं कळेलच.

निदालच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा उजेड दिसला. घरी येताना बापाला म्हणाला, “ठोकळे आले तर मी राहतो, बाबा. अल्लाची शपथ राहतो. पुढच्या वर्षी खालच्या बाजूनं आणखी एक कुंपण काढू.” शल्बियानं त्या रात्री माझ्या बायकोला बोलावून रडून घेतलं, आनंदानं. बायकांना कळतं काय लागलंय पणाला ते.

मादामला दाखवायला पाणी कुणाचं? जल्लूलचं. सगळ्यांत जुनं, थैलीवाल्यांनी सगळ्यांत जास्त नासवलेलं. मादाम यायच्या आदल्या दिवशी सी मोंदेर जल्लूलच्या अंगणात आला. बुटाला चिखल लागू नये म्हणून चवड्यांवर चालत.

“सी जल्लूल, उद्या टोपल्या सगळ्या वर काढायच्या. एकूण एक. रिकाम्या दिसल्या पाहिजेत.”

“एखादी काढू,” जल्लूल म्हणाला. “हलकी लागली तर राहू देऊ. पाण्याखाली काय आहे ते मादामला मी तोंडानं सांगतो.”

“तोंडानं नाही हो! डोळ्यांनी बघितलं पाहिजे तिनं. फोटो पाहिजेत. रिकामी टोपली, तुमचा चेहरा, मागं समुद्र. जरा असा…” आणि त्यानं खांदे पाडून, ओठ लोंबवून दाखवलं. “आणि हा सदरा नको. ह्याच्यापेक्षा जुना नाही का? फाटका असला तर फारच छान.”

शल्बिया दारात उभी होती. ती म्हणाली, “सी मोंदेर, माझ्या घरात फाटका सदरा असला तर तो मी शिवते.”

“खाला, जरा समजून घ्या. त्यांना दया आली पाहिजे.”

जल्लूल उठला. माझ्या समोर उठला तो. त्याचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही नाही चढला. “माझ्या बापानं ह्या पाण्यातनं सगळ्या गल्लीला खायला घातलंय,” म्हणाला. “पाहुणी येणार, मी तिच्यासमोर रिकामी टोपली धरून, तोंड वाकडं करून उभा राहू? भीक मागायची तर मी स्फाक्सच्या मशिदीपुढं बसेन. तिथं निदान ओळखीचं कुणी नसतं.”

“भीक कोण म्हणतंय? हे मूल्यमापन आहे!”

“बूट खराब होतायत तुझे,” जल्लूल म्हणाला.

आता मला सांग, ह्या दोघांत मूर्ख कोण? मोंदेर हलकट आहे, त्याच्याशी मी चहा पीत नाही. पण त्या दिवशी तो बोलला ते बरोबर होतं. तीच तर चीड येते मला. बरोबर गोष्ट अशा माणसाच्या तोंडात आली की तिला उष्ट्याचा वास येतो. त्यानं जर म्हटलं असतं, जल्लूलभाऊ, रीत मोडावी लागतेय, माफ कर, पोरासाठी मोड. तर जल्लूलनं मोडली असती. पण त्याला रीत माहीतच कुठं होती! रॉकेलवाल्याचा पोरगा, ह्याच्या घरी मासासुद्धा बाजारातनं यायचा.

दुसऱ्या दिवशी मादाम आली. मादाम हेल्गा. उंच, उन्हानं लाल झालेली, डोक्यावर मोठी टोपी. बाई वाईट नव्हती, उगाच कशाला बोलू. होडीत चढताना मला स्वतः सलाम केला, आणि तुझ्यासारखी काठावर बसली नाही. मी हीच काठी मारत होतो. शेजारी मोंदेर, फोटो काढायला सज्ज. पुढं जल्लूलची होडी, त्यात तो आणि निदाल. जल्लूलनं धुतलेला पांढरा सदरा घातलेला, ईदचा.

पहिल्या टोपलीशी जल्लूल थांबला, मी माझी होडी त्याच्या होडीला भिडवली. काठीनं हलवून बघितलीसुद्धा नाही. सरळ दोर धरला आणि ओढायला लागला. म्हटलं हा खरंच काढतोय की काय रिकामी, पाहुणीसमोर? मी तर दुसरीकडं मान वळवली, त्याची इभ्रत जाताना माझ्याच्यानं बघवणार नव्हती.

तर मादाम ओरडली. आनंदानं.

मी बघतो, टोपली गच्च. चांदीसारखे मासे, काठोकाठ. जल्लूलनं टोपली होडीत उपडी केली आणि त्याच्या चेहऱ्यावर हे असं, फलकावर बघितलंस ना तसं, नवरदेवासारखं.

मग मी मासे बघितले.

सगळे एका मापाचे, शाळेत रांगेत उभे केल्यासारखे. एकाचीही शेपूट हलत नाही. मान टाकून पडलेले. अरे, ते पिंजऱ्यात पोसलेले मासे होते, मोनास्तीरकडचे, दाणे खाऊन फुगलेले! शल्बियाच्या भावानं आदल्या संध्याकाळच्या फेरीबोटीनं स्फाक्सच्या बाजारातनं आणले होते आणि पहाटे जल्लूलनं पाण्यात उतरून स्वतःच्या हातानं टोपल्यांत भरले होते. गल्लीभर सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं सांगितलं नाही, मी मध्ये पडेन म्हणून.

एका माशाच्या कल्ल्यातनं बर्फाचा खडा निसटला आणि होडीच्या फळीवर पडला. टक्क. तेवढा आवाज मला ऐकू आला.

मादामनं हात लांबवून एक मासा उचलला. “किती गार!” म्हणाली. आणि मोंदेर, तो पांढराफटक पडला होता, त्याला कळलं होतं, म्हणाला, “हो मादाम, ह्या भागात पाणी थंड असतं.” का म्हणाला? कारण खोटं आहे म्हणावं तर त्याचा प्रकल्प खोट्या लोकांचा ठरतो. रंगीत कागद, जाकिटं, सगळ्याचा हिशेब कुणीतरी मागितला असता. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र नुसतं सरळ केलं.

आता त्या पोराकडं बघ. निदालकडं. तो बर्फाच्या खड्याकडं बघत होता. दोन्ही होड्यांत तोच एक असा, ज्याला फ्रेंच येत होतं आणि ज्याचं सगळं आयुष्य त्या टोपलीवर टांगलेलं होतं. एक वाक्य बोलला असता, मादाम, हे मासे विकत आणलेत, समुद्र मेलाय, तर ठोकळे त्याच दिवशी आमचे होते. आणि मादामनं विचारलं त्यालाच. सरळ त्याच्याकडं वळून विचारलं, “नेहमी असेच मिळतात?”

त्यानं बापाकडं बघितलं. जल्लूल हातात मासे घेऊन उभा, ईदच्या सदऱ्यात, कित्येक महिन्यांनी हसत होता. मोंदेरचा फोन त्याच्यावर रोखलेला.

निदालनं डावा हात पाठीमागं नेला. वाढप्यासारखा. थोडासा वाकला. “होय मादाम. नेहमी.”

एवढं फ्रेंच मलाही कळतं.

मग पायाच्या अंगठ्यानं त्यानं तो बर्फाचा खडा हळूच पाण्यात लोटला.

दुपारी घरी जेवण. शल्बियानं तेच मासे तळले, दुसरं होतं काय घरात. वर हरिसा, आमची मिरचीची चटणी, इतकी लाल की मादामच्या डोळ्यांतनं पाणी, तरी तिनं परत मागून घेतलं. आम्ही खरे मासे खाणारे, आम्हाला तो मासा घशाखाली उतरेना. मऊ, साबणासारखा. जल्लूल सगळ्यांना वाढत होता, “घ्या ना, घ्या.” निदालनं ताटाला हात लावला नाही.

पश्चिमेला काय झालं? हॉटेलवाल्याच्या भाच्यानं म्हणे मादामला फाटक्या सदऱ्यात ओसाड पाणी दाखवलं. त्या पाण्यात कुणी जन्मात मासा धरला नव्हता, तिथं नुसती वाळू. पण भाच्यानं खांदे बरोबर पाडले, ओठ बरोबर लोंबवले. त्याला काय, त्याच्या आज्यानं कधी कुणाला खायला घातलंय? गमवायला इभ्रत लागते आधी.

ठोकळे हॉटेलसमोर पडले. आता परदेशी पाहुणे नळी तोंडात धरून त्यांच्याभोवती पोहतात आणि त्यालाही विकास म्हणतात. आम्हाला काय मिळालं? पक्षी बघायला दोन बाक. आणि फलक. समुद्र जिवंत आहे.

फलक लागला त्या आठवड्यात निदाल गेला. समुद्र सपाट होता. बापाशी भांडला नाही. मला तो धक्क्यावर भेटला, फलकाखाली उभा होता, वर बघत.

“मिस्बाहकाका,” म्हणाला, “कसा हसतोय बघा. आम्ही घरात त्याला असा हसताना कधी बघितलाय?”

“अरे, त्या दिवशी बोलला असतास लेका,” मी म्हटलं. “एक वाक्य.”

“बोललो असतो. मग घरी कुठल्या तोंडानं राहिलो असतो? आणि तो कुठल्या तोंडानं राहिला असता? राहण्यासाठीच तर बोलायचं होतं ना.”

मी त्याच्या खिशात सुकवलेला ऑक्टोपस कोंबला, वाटेत चघळायला. दुसरं काय करणार.

पोचला तो. अल्लाची कृपा, सगळेच पोचत नाहीत. तिकडं सिसिलीत कुणाच्या तरी पिंजऱ्यातल्या माशांना दाणे टाकायचं काम करतो. हस, हस, मीही हसलो होतो. आईला फोन करतो. फोनवर बापाचं नाव निघालं की म्हणतो, आवाज तुटतोय.

म्हणून म्हणतो, मला विकासवाल्यांचा तिरस्कार आहेच, तो काय, आपोआप येतो, मुरुमासारखा. पण आमच्याच लोकांचा जास्त आहे. आमच्या ह्या ताठ मानांचा. बाहेरचे येऊन आम्हाला खांदे पाडायला सांगतात आणि आम्ही चिडून विकतचे मासे पाण्यात भरतो! पाण्यात! मासे! कुठल्या गावात असले लोक बघितलेस? आणि तरी सांगतो, जल्लूलसारखा माणूस अख्ख्या स्फाक्समध्ये शोधून दाखव.

आलो आपण. ती बघ झावळ्यांची खोली, आणि हा दोर. काठ धरून ठेव, मी होडी थांबवतो.

काल कॅफेत तू म्हणालास ना, तू पेपरात लिहितोस, कोरोनानंतर बेट कसं सावरलं ते बघायला आलायस. ते ऐकून कुणीतरी जल्लूलच्या कानावर घातलं. रात्री तो माझ्या दारात आला. आत बसला नाही, चहा घेतला नाही. एवढंच म्हणाला, “पाहुण्याला माझ्या पाण्यात घेऊन जा. टोपली आहे तशी वर काढ.” मी म्हटलं, तू चल की. म्हणाला, “मला नाही जमणार, मिस्बाह.” म्हणे ठोकळे परत येणार आहेत, दुसऱ्या खेपेला. ठोकळे आले तर पोरगा येईल असं त्याला वाटतं. मला वाटत नाही. पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

थांब, आधी काठीनं बघतो. सवय.

हलकी आहे. पार हलकी. एखादा दाएश असेल नसेल.

आता ऐक. मी रस्ताभर एवढं बोललो, त्याच्यावर हसलो, सगळ्यांना शिव्या घातल्या. पण हा दोर माझ्या हातानं ओढवत नाहीये रे. तू माझ्या होडीत आहेस, माझा पाहुणा आहेस, माझा हातच वर येत नाही. तू परका माणूस, तुला ह्यात लाज नाही. मी तिकडं तोंड करून बसतो.

तूच उचल. नीट वर काढ, उजेडात धर, आणि आत जे आहे तेवढंच लिही.